ओ निगेटिव्ह नवरा

आमच्या ह्यांना दोन गोष्टींचा फार अभिमान. एक, सगळे शाबूत असलेले दात. दुसरी, स्वतःचं रक्त. "मी ओ निगेटिव्ह," असं ते नव्या माणसाला ओळख झाल्या झाल्या सांगतात. "जगात कुणालाही चालतं." प्रत्यक्षात त्यांनी थेंबभर रक्त कधी कुणाला दिलेलं नाही. सुई दिसली की माणूस पांढराफटक पडतो. विचारलं तर म्हणतात, अडीअडचणीसाठी राखून ठेवलंय.

ह्या दुर्मिळ रक्ताचा शोध लावणारी शास्त्रज्ञ मी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ह्यांचं स्थळ आलेलं, आणि मी अजून हो म्हटलेलं नव्हतं. म्हणावं असं काही दिसत नव्हतं. मग एक दिवस हे "लॅब बघायला" म्हणून कॉलेजात आले. सर जेवायला गेलेले. पांढरा कोट घातला की आपण कुणीतरी मोठ्या बाई दिसतो, अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती. कोटाचं एक बटण तुटलेलं होतं, तिथे मी सेफ्टी पिन लावली होती, तेवढं सोडा. मी ह्यांचं बोट टोचलं. ते पांढरे पडून स्टुलावर बसले. मला वाटलं, माझ्या डोळ्यांकडे बघून तसं झालं.

पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब, त्यांत तीन वेगवेगळे सिरम. एकातही गुठळी नाही. ए नाही, बी नाही, आरएचसुद्धा नाही. मी थरारले. अख्ख्या जगाला रक्त देऊ शकणारा पुरुष माझ्यासमोर स्टुलावर बसून पाणी मागत होता! संध्याकाळी घरी होकार कळवला.

आता इतक्या वर्षांनी आम्ही थंडीचे महिने लेकीकडे, रियाधला, काढतो. अल मलाझमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली खुबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची, भट्टी. नात कॉलेजात पहिल्या वर्षाला. ह्या वर्षी तिला इम्युनॉलॉजी लागलं आणि रविवारी वर्गात घरच्यांच्या रक्तगटांचा तक्ता समजावून सांगायचा होता. गुरुवारी जेवताना ती ताटाशेजारी कागद घेऊन बसली.

"आजी, तू ए पॉझिटिव्ह. आई एबी. आजोबा ओ. हे पॉसिबलच नाही."

"का नाही?"

"आईला ए तुझ्याकडून मिळाला. मग बी कुणी दिला? आजोबांकडे द्यायला ए पण नाही, बी पण नाही."

लेकीच्या हातातला खुबूसचा तुकडा आमटीत पडला. "आई," ती डोळे बारीक करून म्हणाली, "काही सांगायचं राहिलंय का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे भात कालवत होते.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पोरगी चांगली निघाली ना?"

"अहो, जाऊ दे काय! उद्या क्लिनिकमध्ये चला, बोट टोचून घ्या, सोक्षमोक्ष लागेल."

"त्यापेक्षा मी तुझ्यावर विश्वास ठेवतो."

"मला तुमचा विश्वास नको, रक्त हवंय!"

लेक हसून हसून खोकायला लागली. नात मात्र भुवया आक्रसून माझ्याकडे वळली. "आजोबांची टेस्ट कुणी केली होती?"

"मी," मी मान ताठ करून म्हटलं.

"रक्त कशात मिसळलं होतंस?"

"सलाइनमध्ये. पॉइंट नाइन पर्सेंट. मी स्वतः ताजं बनवलं होतं. पॉइंट नाइन ग्रॅम मीठ मोजलं, लिटरभर पाण्यात टाकलं."

ती किंचाळलीच. "लिटर? आजी, पर्सेंट म्हणजे शंभरात! शंभर एमएलला पॉइंट नाइन, लिटरला नऊ ग्रॅम! तुझं सलाइन दहापट फिकं होतं. त्यात पेशी फुगून फुटतात. पेशीच उरल्या नाहीत तर गुठळी कशाची होणार? त्या दिवशी तू हत्तीचं रक्त तपासलं असतंस तरी ओ निगेटिव्हच आलं असतं!"

कोणत्या अकलेने मी तो होकार कळवला, ते त्या घटकेला उमगलं. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर आजोळपर्यंत बोंब मारणारी मी, आणि लॅबमध्ये असली कंजुषी! शिवाय शेजारी गट माहीत असलेलं रक्त लावून सिरम तपासायचं, तेही केलं नव्हतं. त्याला वेळ कुठे होता? सेफ्टी पिन सारखी सुटत होती.

"म्हणजे मी ओ निगेटिव्ह नाही?" हे म्हणाले.

आवाज अगदी बारीक. तेव्हा कळलं की प्रश्न नुसता सुईचा नव्हता. ह्या माणसाने बँकेत कारकुनी केली, बढती दोनदा हुकली, आणि तरी तो आयुष्यभर ऐटीत चालला, ते माझ्या त्या पाणचट सलाइनच्या जोरावर. मला एकदम वाटलं, राहू दे. तक्त्यात काहीही लिहा.

नातीलाही वाटलं असावं. ती हळूच म्हणाली, "आजोबा, नको तर नको. पण वर्गात सगळ्यांसमोर मी आजीचं काय सांगू?"

हे बराच वेळ भात चिवडत बसले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या असरच्या नमाजानंतर कोपऱ्यावरचं पॉलिक्लिनिक उघडलं, तर मी हाक मारायच्या आत हे बूट घालून दाराशी उभे. "यल्ला," म्हणाले. दोन अरबी शब्द येतात, त्यातला हा एक, म्हणजे 'चला'. लेक आणि नातही निघाल्या.

लॅबमधल्या केरळच्या मुलीने बोट धरलं. ह्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट असं आवळलं की माझंच रक्त थांबलं. दुसऱ्या थेंबात लगेच लाल कण गोळा झाले. तिसऱ्यातही.

"अंकल, बी पॉझिटिव्ह," मुलगी म्हणाली. "बहुत कॉमन है."

नात टाळ्या पिटायला लागली. लेकीने मला मिठी मारली, जणू मी निर्दोष सुटून आले. हे कापसाचा बोळा बोटावर दाबून चालत राहिले. खुबूसच्या भट्टीशी आले तेव्हा थांबले.

"तू ओ निगेटिव्ह बघून हो म्हणालीस," ते म्हणाले. "आता?"

"आता काय? इतकी वर्षं वापरलेला माल कोण परत घेतं?"

"पण बहुत कॉमन है."

"असू दे. मला चालतं," मी म्हटलं. "आणि नाही तरी तुम्ही देणार कुणाला होतात?"

ते हसले, सगळे दात दाखवून. मग बोट माझ्यासमोर धरलं. "फुंकर घाल. दुखतंय."