मासे चालत नेणारे मामा

माझे एक मामा मासे चालत न्यायचे. हसू नका, खरं तेच सांगतोय. हौदात जन्मलेली जिऱ्याएवढी पिल्लं दोन हंड्यांत भरायची, हंडे कावडीला टांगायचे आणि लांबच्या तळ्यांत नेऊन सोडायचे, हाच त्यांचा धंदा. त्यातली गोम अशी, की हंड्यातलं पाणी सतत डुचमळत राहिलं पाहिजे. पाणी निवांत झालं की पिल्लं गुदमरलीच म्हणून समजा. त्यामुळे मामा उडत उडत चालायचे आणि वाटेत जेवायला बसले तरी डावा हात हंड्यात. "माझ्याशी लग्न केलं तेही एका हाताने," मामी म्हणायची.

तीस वर्षांनी गुडघ्यांनी संप पुकारला. म्हणून एकदा टेम्पोने गेले. रस्ता नवाकोरा, लोण्यासारखा. मामांचा डोळा लागला, पाणी थांबलं, आणि तळ्यावर पोचेपर्यंत सगळी पिल्लं पोट वर करून पडलेली. तळ्याचा मालक म्हणाला, "आणखी एकदा बघतो. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस."

पुढच्या खेपेला मामा चालतच निघाले. सोबत मामी. निम्म्या वाटेत गुडघा टम्म फुगला आणि त्यांनी रस्त्याकडेलाच बसकण मारली.

"अहो, टेम्पो थांबवू?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"मग सरका." मामीने कावड खांद्यावर घेतली.

"पाहुण्यासारखी काय चालतेस? पाणी हलत नाहीये."

"तीस वर्षं तुम्हाला हलवलंय. पाण्याचं काय घेऊन बसलात?"

पुढे मामी उड्या मारत, मागे मामा लंगडत. ऊन कलल्यावर दोघं तळ्यावर पोचली. आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत हंडे गळ्यापर्यंत तळ्यात बुडवून ठेवायचे असतात. तेवढा वेळ मामी हात फिरवत बसली. मामा काठावर आडवे झाले. हंड्यात डोकावायचं त्यांना धाडस होईना.

मालकच वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"जिवंत आहेत," तो म्हणाला. "सोमवारी आणखी आणा."

मामीने हंडे कलते केले.

"गेली का?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"निम्मी गेली."

"बाकीची?"

"हंड्याच्या तोंडाशीच थबकलीत. ढकलू का?"

"नको," मामा म्हणाले. "बसू दे जरा. लांबून आलीत."