पंख्याचा जास्तीचा वारा

बंद पडलेली कुठलीही वस्तू नेली की नाना ती आधी नाकाशी धरायचे. "आधी वास, मंग मीटर," म्हणायचे. मिक्सर असो की रेडिओ. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

दीपनगरच्या वीज केंद्रातली नोकरी संपवून ते साक्रीला, आमच्या शेजारी राहायला आले. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायू झालेला. उन्हाळ्यात वीज गेली की त्या खाटेवर भाजून निघत. म्हणून नानांनी गच्चीवर सोलर पॅनल बसवलं आणि बिस्किटांच्या डब्यात स्वतःच कन्व्हर्टर बनवला. पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज बॅटरीला सोसेल इतकं उतरवणं, हे त्याचं काम. बॅटरी खाटेखाली. तिच्यावर अक्कांचा छोटा पंखा चालायचा.

एका दुपारी मी गेलो तर अक्का खुशीत. "आज वारा भलता चांगला शे!"

पंखा खरंच जोरात फिरत होता. मला बरंच वाटलं. नानांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ते गच्चीवर धावले, पॅनलची वायर उपटली, खाली येऊन खाटेखाली वाकले. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगून टम्म झाल्या होत्या. मी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

गोणपाटात धरून आम्ही ती अंगणात नेली. मग नानांनी डबा हुंगला. जळल्याचा वास नाही, काळा डाग नाही. पॅनल पुन्हा जोडून मीटर लावला, तर डब्यातून पॅनलचं सगळं व्होल्टेज जसंच्या तसं बाहेर.

"मॉस्फेट शॉर्ट. व्होल्टेज उतरवणारा भागच गेलाय. सकाळपासून सरळ बॅटरीत चाललंय, म्हणून पंखा पळत होता." नाना म्हणाले. "फुटली असती. तेजाब उडालं असतं."

ते भिंतीला टेकून खालीच बसले. "हिच्या अंगाखाली काय ठेवलं होतं रे मी?"

आतून अक्का ओरडल्या, "मी जित्ती शे ना? मंग उठा! उकडी ऱ्हायनं!"

नाना उठले. संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालत बसले.

पुढे नवा डबा झाला, त्यात फ्यूज आला, नवी बॅटरी अंगणात भिंतीपलीकडे गेली. त्याच हिवाळ्यात नाना बसल्या जागी गेले. लेक अक्कांना धुळ्याला घेऊन गेली.

मला अजून दिसतात ते त्यानंतर रोज दुपारी अंगणात उकिडवे बसलेले नाना, नव्या बॅटरीवर उलटा हात ठेवून.

"काय बघताय?" मी विचारलं होतं.

"ताप शे का," ते म्हणाले. हसले नाहीत.