देवळाच्या गल्लीतलं भांगेचं दुकान

नाना गेल्याचा फोन कोपरहून त्यांच्या मुलीचा, सुलूचा आला आणि मी मेल्याने पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा अर्ज गेला का त्यांचा?" सुलू रडता रडता हसली. "कुठला जातोय, दादा! मंत्र्याचं नाव टाकायचं राहिलं... सरकार परत बदललं ना!"

कल्याणात देवळाच्या गल्लीत नानांचं सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान होतं. पंच्याऐंशी साली दिल्लीत नवा कायदा झाला. गांजा बंद, भांगेची पानं तेवढी चालू. तेव्हापासून नाना येईल त्या मंत्र्याला अर्ज लिहीत राहिले, ते थेट शेवटपर्यंत. मागणी एकच : परवान्याची दुकानं वाढवा, नाहीतर गिऱ्हाईक चोरट्या अड्ड्यांवर जाईल. टाईप मी, त्यांचा शेजारी, करायचो. "दारूच्या दुकानाची फीत कापायला पुढारी येतो, माझ्याकडे नुसता इन्स्पेक्टर," हे वाक्य मी दर वेळी गाळायचो आणि ते दर वेळी समासात हाताने लिहायचे.

पुढे काही वर्षांनी देवस्थानचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी तक्रार केली. देवळाशेजारी नशा नको, परवाना रद्द करा. ठाण्याला सुनावणी लागली ती नेमकी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि शिवरात्रीला बापूसाहेब स्वतः दुकानात हजर! प्रसादाच्या थंडाईला भांग हवी होती, दरवर्षीसारखी. मी नानांच्या कानाशी लागलो, "दुप्पट द्या. उद्या दुपारपर्यंत उठत नाहीत!"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्टुलावर जाऊन बसलो. मग त्यांनी तराजूत निम्मीच भांग टाकली. "यंदा एवढीच, बापूसाहेब. उद्या तुम्हाला बोलायचंय. दूध जास्त घाला."

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब टवटवीत आले आणि पाऊण तास बोलले. परवाना गेला. खोपटच्या एसटी डेपोत पोचल्यावर नाना म्हणाले, "बोलतो मात्र छान हं!"

दहाव्यानंतर मी कोपरला गेलो, तर बापूसाहेब आधीच येऊन बसलेले. भिंतीवर मुदत संपलेला परवाना, काचेच्या चौकटीत. त्याकडे बघत ते म्हणाले,

"सुलू, तेव्हा नानांनी हात आखडता घेतला नसता, तर मी काही ठाण्याला पोचत नव्हतो. दुकान वाचलं असतं."

"नसतं वाचलं," सुलू म्हणाली. "त्या दिवसापासून त्या दुकानाचाच चोरटा अड्डा झाला असता."

बापूसाहेब उठले आणि रुमालाने ती काच पुसू लागले. दुप्पटचा सल्ला देणारा मी, खाली मान घालून चहा पीत राहिलो.