नाव गाळलेलं पत्रक

एखाद्याच्या तोंडचं वाक्य छापण्याआधी तुम्ही त्याला कधी विचारलंय का, की हे छापल्यावर तुम्ही राहणार कुठे?

मी विचारलं नाही. डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. लहानपणी कोपरीच्या आमच्या घरात पलंगाखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे विद्यार्थ्यांना वस्तीत नेऊन शिकवायचं ठरलं, तेव्हा नुसता अहवाल नको, पत्रक काढू, हा हट्ट माझाच.

यंदा आम्ही केमिकल कारखान्यांमागच्या एका चाळीत जात होतो. नाल्याच्या उग्र वासाबद्दल तिथली एक बाई आमच्याशी मोकळेपणाने बोलली. ते आम्ही पत्रकात जसंच्या तसं घेतलं. नाव अर्थातच गाळलं. वर्गात मी तेच तर शिकवते. फक्त बाई खरी वाटावी म्हणून ती घरबसल्या काय काम करते, ते लिहिलं. मुलांनी पत्रक वाटलं, मोबाईलवर फिरवलं. त्यांना क्रेडिट मिळालं, मला प्राचार्यांची शाबासकी.

पुढच्या आठवड्यात गेले, तर तिने आत बोलावलं नाही. दारातच म्हणाली, "या मॅडम, बघा तुमची करामत. नाव गाळलंत, पण अख्ख्या चाळीत हे काम करणारी मी एकटीच ना! चाळीचे मालक येऊन गेले. म्हणतात, चाळीचं नाव खराब झालं, नाक एवढं नाजूक असेल तर दुसरी खोली बघा."

"मालकाविरुद्ध पत्रक काढू या, ताई. उद्याच."

"अजून एक?" ती हसलीच. "मग उद्याच सामान बांधते. मुलीची परीक्षा होईपर्यंत राहा म्हणालेत. विषय थंड पडला तर विसरतीलही. पण रोज कुणीतरी ते पत्रक त्यांच्या मोबाईलवर पाठवतंच. पडू द्या ना थंड!"

थंड घ्या, असं मला आजवर फक्त भित्र्या लोकांनी सांगितलं होतं, आणि मी कुणाचं ऐकलं नव्हतं. तिच्या दारात मात्र मला मान वर करता आली नाही. नाल्याचा वास अजून येतो. त्यावर बोलायलाच हवं, पण तिची खोली पणाला लावून नाही. पुढच्या पत्रकाखाली माझं नाव असेल, माझ्या कॉलेजचा पत्ता असेल. ती काय काम करते, ते मी इथेही लिहिलेलं नाही.

डोंबिवलीतल्या नाल्याचं ते पत्रक तुमच्या मोबाईलवर आलं असेल, तर पुढे पाठवू नका. पुसून टाका, आणि ज्याने पाठवलं त्यालाही पुसायला सांगा. आजच.