सरांचं गणित, श्यामलाताईंचा आवाज

श्यामला पोंक्षे यांना दहावीला गणितात अडतीस गुण मिळाले होते. त्या काळात पास झालो हेच पुष्कळ, असं म्हणून त्यांनी पेढे वाटले आणि गणिताला कायमचा नमस्कार केला. पुढे लग्न मात्र गणिताच्या मास्तरांशीच झालं. घरात कधी त्या विषयावर बोलणं निघालं, तर त्या पोळ्या लाटायला उठत.

श्रीधर पोंक्षे सदाशिव पेठेतल्या एका खासगी क्लासमध्ये बावीस वर्षं दहावीला शिकवत होते. सकाळी दोन तुकड्या, संध्याकाळी तीन. एकेका तुकडीत साठ-सत्तर मुलं, वर खडखडणारे पंखे, खिडकीखाली दुचाक्यांचे हॉर्न. या सगळ्यावर मात करून शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा. गेल्या दिवाळीपासून त्यांचा घसा बसायला लागला. ज्येष्ठमध चघळून, हळद-दूध पिऊन त्यांनी हिवाळा काढला. "परीक्षा होऊ देत, मग दाखवतो," असं म्हणत राहिले. मार्चमध्ये बोर्डाचा गणिताचा पेपर झाला, तोवर त्यांच्या तोंडून आवाज यायचाच बंद झाला होता. नुसती हवा यायची.

स्वरयंत्रावर गाठ निघाली. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी आहे हे कळायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत श्यामलाताईंनी दुसरा कसलाही विचार केला नाही. अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट जास्त ताण येतो. नंतर दिवसाला वीस वाक्यं, मोजून. शिकवणं तीन-चार महिने बंद.

क्लासचे मालक हिंदुराव जगदाळे सफरचंदं घेऊन घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण धंदा धंद्याच्या जागी होता. "पोंक्षे सर, दोन महिने अर्धा पगार देतो. पुढचं पुढं बघू," ते म्हणाले. सुट्टीतल्या तुकड्यांसाठी त्यांना दुसरा शिक्षक घ्यावाच लागणार होता.

श्यामलाताई जवळच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होत्या. सकाळी नऊ ते दुपारी दोन. पेशंटांची नावं लिहायची, नंबर द्यायचे, भांडणं सोडवायची. त्यांचा पगार आजवर वरखर्चाला पुरायचा, आता त्यावर भाडंही काढायचं होतं. मुलगी अपूर्वा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिची फी जुलैत यायची.

त्या रविवारी त्यांनी अपूर्वाला आणि नवऱ्याला समोर बसवलं आणि काय काय कमी करायचं ते सरळ सांगून टाकलं. एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत होती, तो यंदा दोन महिन्यांचाच घ्यायचा. दूध अर्धा लिटर कमी. मे महिन्यात डोंबिवलीला दिरांच्या मुलाची मुंज होती, तिथे तिघांनी जायचं, पण आहेर करायचा नाही.

श्रीधरांनी शेजारची पाटी ओढली. अपूर्वाची बालवाडीतली पाटी माळ्यावरून काढून त्यांना दिली होती. तिच्यावर त्यांनी लिहिलं, 'दादाला काय सांगणार?'

"खरं ते सांगणार," श्यामलाताई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोरच जावेला फोन लावला. "वहिनी, यंदा आम्हाला आहेर झेपणार नाही. जेवायला मात्र येऊ."

पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "बरं केलंस आधी सांगितलंस. आता मलाही तुम्हाला मानपान करायला नको."

श्रीधरांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'दोन्हीकडची बचत.'

सुरुवातीला त्यांची पाटी अशीच चाले. भाजीत मीठ जास्त पडलं तर 'समुद्र जवळ आला' असं लिहून ती ताटाशेजारी उभी करत. श्यामलाताई कामावर गेल्या की ते भाजी निवडत, कपडे वाळत घालत. गवारीचे दोरे काढायचे असतात हे त्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. पंधरा दिवस झाल्यावर वीस वाक्यांची मुभा मिळाली. पहिल्या दिवशी त्यातली सहा चहाबद्दल खर्च झाली.

पण मे महिना लागला आणि काहीतरी बदललं. उन्हाळी तुकड्या सुरू झाल्या. क्लास दोन गल्ल्या सोडून होता, सकाळी मुलांचे घोळके घरावरूनच जात. नव्या शिक्षकाचं नाव मुलांच्या बोलण्यात ऐकू येई. श्रीधर गॅलरीतली खुर्ची उचलून आतल्या खोलीत घेऊन आले. वीसपैकी वाक्यं उरायला लागली. दहा, मग बारा. एका दिवशी झोपताना अपूर्वा म्हणाली, "आई, आज बाबा तीनच वाक्यं बोलले." पाटीही दोन दिवस कोरीच होती.

पैशांची ओढाताण श्यामलाताईंना झेपत होती. ही शांतता झेपत नव्हती.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरल्यावर तनुजा त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तनुजा दवाखान्यात झाडलोट करायची, पेशंटांच्या डोळ्यांत थेंब घालायची. तेहतीस वर्षांची, दोन मुलांची आई, कात्रजच्या पुढच्या गावातून रोज बसनं यायची. तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला होता. पास झाली तर ऑपरेशनच्या खोलीत मदतनीस म्हणून घेऊ, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. सगळे विषय सुटले होते, गणित राहिलं होतं.

"ताई, तुमचे साहेब गणित शिकिवत्यात ना?"

"शिकवायचे. आता त्यांना बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"मग लिहून दावतील की. जूनच्या शेवटी परत पेपर हाय."

"नुसतं लिहिलेलं तुला कळेल का?"

"न्हाई कळायचं," तनुजा म्हणाली. "त्ये वाचून सांगायला तुम्ही हाय की."

श्यामलाताई हसल्या. घरी जाताना मात्र त्यांच्या डोक्यातून ते जाईना. नापास झालेल्या मुलांना महिनाभरात पुन्हा परीक्षा असते आणि त्यांच्याकडे धड कुणी बघत नाही, हे त्यांनी नवऱ्याच्याच तोंडून अनेकदा ऐकलं होतं.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. श्रीधरांनी लिहिलं, 'मी मास्तर आहे. मूकनाट्य करत नाही.'

"मूक कशाला? मी बोलणार आहे."

त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि लिहिलं, 'तू? गणित?'

"मला दहावीला अडतीस होते," श्यामलाताई म्हणाल्या. "लग्नाआधी तुम्ही विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. मला समजेल असं तुम्ही लिहिलंत, तर कुणालाही समजेल."

श्रीधरांनी पाटी बाजूला ठेवली. मग त्यांनी त्या दिवसाचं चौथं वाक्य खर्च केलं. "हिंदुरावांना चालणार नाही."

ते खरं होतं. क्लासच्या शिक्षकांनी घरी शिकवण्या घ्यायच्या नाहीत, असा नियम होता. चोरून करायचं श्यामलाताईंच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर त्या थेट हिंदुरावांच्या केबिनमध्ये गेल्या.

"जगदाळे सर, एकतर पूर्ण पगार द्या, नाहीतर परवानगी द्या," त्यांनी सांगितलं आणि काय करणार आहोत ते सविस्तर मांडलं.

हिंदुरावांनी पेन टेबलावर आपटत विचार केला. "वहिनी, माझ्याकडे येणारी मुलं घ्यायची नाहीत."

"तुमच्याकडे नापासांना प्रवेश कुठे आहे? दारावर नव्वद टक्क्यांचे फोटो लावलेत तुम्ही. आम्ही नापासच घेणार आहोत."

हिंदुरावांना हसू आलं. "घ्या मग," ते म्हणाले. शिवाय गोदामात पडलेला एक जुना फळाही त्यांनी रिक्षात घालून दिला.

वर्ग चौघांचा जमला. तनुजा आणि पेठेतलीच तीन मुलं. वेळ दुपारी साडेतीनची. तनुजाकडून फी घ्यायची नाही असं श्यामलाताईंनी ठरवलं होतं, पण तिनं पहिल्याच दिवशी निम्मे पैसे पुढे केले. "फुकाट शिकलं की डोक्यात ऱ्हात न्हाई," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस वाईट गेले. श्रीधर फळ्यावर भराभर लिहीत आणि श्यामलाताई देवाची आरती म्हणावी तसं वाचून दाखवत. मुलं वहीत उतरवून घेत. कुणाला काही कळत नव्हतं, वाचणारीलाही नाही. तिसऱ्या दिवशी श्यामलाताई एका ओळीवर थांबल्या.

"हे उणे कुठून आलं? वरच्या ओळीत अधिक होतं."

श्रीधरांनी लिहिलं, 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं.'

"का बदलतं?"

श्रीधरांनी खडू खाली केला. मुलं माना वर करून बघायला लागली. तनुजा हळूच म्हणाली, "मला बी त्येच इचारायचं हुतं. शाळेत धीर झाला न्हाई."

बावीस वर्षांत हा प्रश्न श्रीधरांना कुणी विचारला नव्हता. साठ मुलांच्या तुकडीत तसं विचारायला वेळ नसतो आणि सांगायलाही नसतो. त्यांनी फळा पुसला. एक तराजू काढला. एका पारड्यात एक पिशवी आणि पाच वजनं, दुसऱ्यात बारा वजनं. मग दोन्ही पारड्यांतली पाच-पाच वजनं पुसून टाकली. एकात पिशवी उरली, दुसऱ्यात सात.

"म्हणजे काही बाजू बदलत नाही," श्यामलाताई सावकाश म्हणाल्या. "दोन्हीकडून सारखं काढलं जातं, एवढंच."

श्रीधरांनी मान डोलावली. त्यांना स्वतःलाच ते नवीन वाटल्यासारखं दिसत होतं.

त्या दिवसापासून वर्गाची रीत बदलली. श्रीधर लिहीत, श्यामलाताई वाचत आणि जिथे त्या अडत तिथे सगळे थांबत. आधी लाजणारी मुलंही प्रश्न विचारू लागली, कारण सरांची बायकोच सगळ्यांत जास्त विचारत होती. रात्री जेवणाआधी दोघं उद्याचा धडा घेऊन बसत. श्यामलाताईंना गणित आवडायला लागलं असं नाही, पण त्याची भीती कमी झाली. पोळ्या लाटायला आता अपूर्वा उठायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गसमीकरणं चालली होती. त्यापुरतं त्यांना चांगलं जमलं होतं, म्हणून श्यामलाताई फळ्याकडे न बघता स्वतःच सांगत होत्या. "म्हणजे क्ष वर्ग बरोबर नऊ. मग क्ष किती? तीन."

"आणि उणे तीन."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवाज घोगरा होता, पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीतला, पण स्वच्छ होता. दारात चहाचे कप घेऊन उभी असलेली अपूर्वा म्हणाली, "बाबा, आजचं पहिलं वाक्य."

"अपूर्ण उत्तर ऐकवत नाही," श्रीधर म्हणाले. "हे दुसरं."

त्या रात्री त्यांची वीसची वीस संपली. एकविसावं ते पाटीवर लिहायला गेले, तर पाटीवर श्यामलाताईंनी किराणा लिहून ठेवला होता.

परीक्षा झाली. जुलैअखेर निकाल लागला. तनुजाला सत्तेचाळीस गुण मिळाले. दोन मुलं सुटली. तिसऱ्याचे चार गुण कमी पडले, तेव्हा श्रीधरांनी त्याला घरी बोलावून त्याची कुठली उदाहरणं चुकली ते एकेक करून काढायला लावलं. तनुजा ऑगस्टमध्ये ऑपरेशनच्या खोलीत रुजू झाली. पहिल्या दिवशी हिरव्या टोपीत श्यामलाताईंच्या टेबलापाशी येऊन ती म्हणाली, "ताई, ह्यात केस बसंनात, काय करू?" श्यामलाताईंनी उठून तिचे केस बांधून दिले.

अपूर्वाची फी दोन हप्त्यांत भरली. पहिला हप्ता वर्गाच्या पैशांतून गेला, दुसऱ्यासाठी श्यामलाताईंनी मुदतीची एक ठेव मोडली.

ऑगस्टच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की घसा बरा आहे, पण पाच तुकड्या यापुढे कधीच नाहीत. हिंदुरावांनी सकाळच्या दोन तुकड्या देऊ केल्या, गळ्यात माइक अडकवून. पगार अर्थातच निम्म्याहून कमी. श्रीधरांनी हो म्हटलं. दुपारचा घरचा वर्ग वर्षभर चालवायचा असं दोघांनी ठरवलं, आणि हिंदुरावांनी त्याला हरकत घेतली नाही. दोन्ही मिळून पूर्वीएवढं होत नाही. दूध अजून अर्धा लिटर कमीच येतं आणि आता तिघांनाही तेवढंच पुरतं.

सप्टेंबरमध्ये नवी सहा मुलं आली. श्रीधरांना आता बोलता येत होतं, तेव्हा त्यांनी स्वतःच शिकवायचं ठरवलं. श्यामलाताई स्वयंपाकघरात निर्धास्तपणे शेंगदाणे भाजत बसल्या. दहा मिनिटं बाहेरून एकट्या सरांचाच आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"श्यामल, जरा बाहेर येतेस का?" श्रीधरांनी हाक मारली. "ही मुलं नुसती हो म्हणताहेत."

"दाणे करपतील," त्या म्हणाल्या, गॅस बारीक केला आणि बाहेर जाऊन मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या.