बाजूची पत्रावळ

माझी सासू बायनाबाई म्हणजे आमच्या कुरखेड्याकडच्या गावातल्या रोवणीच्या टोळीची म्होरकी. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावताना तिचा हात भरभर चालतो आणि तोंड त्याहून भरभर. टोळीत सगळ्या जातींच्या बाया. चिखलात सगळ्यांचे पाय सारखेच बुडतात, तिथे कुणाला विटाळ होत नाही. तो होतो जेवायच्या वेळी.

गावात सर्वांत जास्त शेती देवरावभाऊंची. रोवणी संपली की त्यांच्या घरी बायांना वडे-भाताचं जेवण असतं. बाकीच्यांची पंगत ओसरीवर, आम्हा बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांची गोठ्याजवळ. म्हणे तिकडे सावली असते! इतकी वर्षं सासूने ती सावली मुकाट्याने सोसली.

यंदा धानाच्या बांधीत रोवणी करताना इंदुताईनेच विषय काढला. ती देवरावभाऊंची चुलत वहिनी आणि सासूची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या ऑपरेशनच्या वेळी गडचिरोलीच्या दवाखान्यात सासूच उशाशी बसली होती.

"बायनाबाई, यंदा तुमी ओसरीवर बसा. मी तुमच्या बाजूले बसतो. कोण उठवते पाहू!"

सगळ्या बाया हो हो म्हणाल्या. सासूने घरी येऊन पेटीतलं नवं लुगडं काढून ठेवलं. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

जेवणाच्या दिवशी सासू सरळ ओसरीवर जाऊन बसली. बाजूची पत्रावळ तिने हाताने धरून ठेवली. देवरावभाऊ दारात आले. ओरडले नाहीत.

"काऊन बायनाबाई, तुमची जागा तिकडे हाय ना?"

सासूने इंदुताईकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आम्ही बोललो असतो तर ते भांडण ठरलं असतं. ती घरचीच, तिने एक शब्द टाकला असता तर भाऊंचा नाइलाज झाला असता. इंदुताई पदर सावरत लांबच्या खांबाजवळ जाऊन बसली. तिचं पाहून हो हो म्हणणाऱ्या बाकीच्याही तिकडेच सरकल्या. मला भाऊंपेक्षा तिचा जास्त राग आला. भाऊंनी आम्हाला कधी काही कबूल केलंच नव्हतं.

सासू न जेवता उठली. मीही तिच्यामागे निघाले.

संध्याकाळी आमच्या मागच्या दाराशी इंदुताई आली. पदराखाली डबा होता.

"वडे आणले, बाई. कोणी पाह्यलं नाई. मले त्याच भावकीत राहाचं हाय, समजून घ्या."

"वडे कोणं मांगतले होते, इंदू? बाजूले बसतो, असं तूच म्हटलं होतं ना!" सासूचा आवाज फाटला. रडत रडतच तिने पुढचं दार सताड उघडलं. समोर बोरिंगवर गावातल्या बाया पाणी भरत होत्या. "इथून जाय. सगळ्यायच्या समोर माह्या घरातून निघ. मंग खातो तुहे वडे."

इंदुताई पुढच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत आली. तिने बोरिंगकडे पाहिलं. मग डब्यावर पदर ओढला आणि मागच्या दारानेच निघून गेली.