मामांच्या नकाशातला पेन्सिलीचा ठिपका

आमच्या हिच्या मामांइतकं मेलेल्या माणसांकडे जाणं-येणं ठेवणारा माणूस अख्ख्या शिरूर-दौंडात सापडायचा नाही. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. मामांनी शेतातल्या समाध्या सांभाळायला घेतल्या. या भागात आपलं माणूस गेलं की आपल्याच रानात छोटा चौथरा बांधतात. सरकारी नकाशात टेकडीच्या समोच्च रेषा असतात, ओढा असतो, विहीर असते. कुणाची आजी नसते. रानं विकली जाताहेत, जेसीबी फिरला की चौथरा गेला. त्याआधी एकूण एक समाधी नकाशावर आली पाहिजे, हा मामांचा ध्यास.

त्यामुळे त्यांना रस्ता विचारणं जिकिरीचं. पाबळला जायचं तर "गणपाआप्पापासनं डावीकडं वळा, रखमाबाई लागली की थांबा," असं सांगतात. आप्पांना जाऊन चाळीस वर्षं झाली, हे आपल्याला बांधावर उभं राहिल्यावर कळतं. जेवायला बोलावलं तर मोजायचा टेप घेऊन येतात आणि ताटावर बसण्याआधी यजमानांच्या पणजोबांची चौकशी करतात. रान मराठ्यांचं असो की बौद्धांचं, टेपाचं दुसरं टोक घरच्या सुनेच्याच हातात देतात. सासऱ्याची जागा तिला ठाऊक पाहिजे म्हणून.

चुकले एकदाच, पण मनापासून चुकले. भांडगावाकडे गवतात एक चौथरा दिसला, मालक गावाला गेलेला. मामांनी ठिपका दिला, शेजारी 'अज्ञात पुरुष' लिहिलं, नारळही फोडला. मालक परतल्यावर कळलं, तो त्याच्या जुन्या डिझेल इंजिनाचा कट्टा होता. मामांनी ठिपका खोडला, पण शेजारच्या वस्तीवरच्या बाया तिथे अजून दिवा लावतात. मामा म्हणतात, "लावू द्या की. इंजिनानं बी रानाला पाणी पाजलंच ना."

परवा त्यांनी नकाशा माझ्यापुढे पसरला. त्यांच्या रानात मामींचा शाईचा ठिपका होता आणि त्याला लागून पेन्सिलीचा एक, बिननावाचा. हा कुणाचा, म्हणून मी विचारलं.

"माझा. घाई न्हाई, म्हून पेन्सिल. पोरगं कुरकुंभला शिफ्टमंदी, त्याला ह्यातलं कळत न्हाई. शाई तुम्ही भरायची, जावईबापू."

मला भरून आलं. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "आधी हात बसवा. ठिपका बारीक पायजे. तिच्या अंगावर जायचा न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी मी ठिपके काढून त्यांना दाखवतो. अजून एकही त्यांच्या पसंतीला उतरलेला नाही, आणि इतक्यात उतरू नये असं मला मनापासून वाटतं.